बाबांच्या डीटीपी मशीनची हार्ड डिस्क बदलली, त्याच्या नोंदी

शनिवार, २८ जून २०२५

सकाळच्या गाडीने सांगलीला आले. बाबा तिथे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम करतात. बाबांचा दोन दिवसांपूर्वी फोन आला होता, "अगं, मशीन लई दमायलंय, चालू केलं की चार-पाच मिनिटं नुसतं गोल फिरत बसतंय आणि मधेच आतनं टिक टिक आवाज येतोय." टिक टिक म्हटल्यावर (हार्ड डिस्क जायला लागली की असा आवाज येतो) मी ताबडतोब सांगितलं की बंद करा आणि मी येईपर्यंत चालू करू नका. ताई (आमच्याकडे चौदा वर्षं डीटीपीला आहेत त्या) म्हणाल्या दोन लग्नपत्रिकांचं काम अडलंय, ते मग शेजारच्या प्रेसमधे जाऊन करून आल्या.

आधी मशीन काय आहे ते लिहून ठेवते. २०१४ ला जोडून घेतलेला डेस्कटॉप, आय३-४१३० प्रोसेसर, एच८१ चा बोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. सुरुवातीला विंडोज ७ होतं, २०१६ मधे फुकट अपग्रेड मिळत होतं तेव्हा त्यावरच विंडोज १० चढवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ३२ बिट (विंडोजचा जुना प्रकार, हल्ली बहुतेक ठिकाणी ६४ बिट असतं). हे ३२ बिट का आहे ते पुढे लिहिते, कारण सगळा खेळ तिथेच अडतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून बघितलं. पिवळा रंग, कॉशन. सी५ म्हणजे पेंडिंग सेक्टरच्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, पेंडिंग म्हणजे वाचता न येणारा) पुढे १० दिसत होतं, पण हे सॉफ्टवेअर आकडे मुळात हेक्समधे, म्हणजे सोळाच्या मोजणीत दाखवतं, त्यामुळे १० म्हणजे दहा नाही तर सोळा. चालू तास ६५३सी, म्हणजे २५,९१६. अकरा वर्षं रोज आठ-दहा तास धरले तर बरोबर बसतं. रीअलोकेटेड (खराब म्हणून बाद करून बदललेले सेक्टर) अजून शून्य आहे, म्हणजे डिस्कला काही जागा वाचता येत नाहीयेत आणि त्यांचं काय करायचं हे तिनं अजून ठरवलेलं नाही. या डिस्कचे फिजिकल सेक्टर ४०९६ बाइटचे आहेत आणि मोजणी ५१२ च्या हिशोबाने होते, म्हणजे सोळा म्हणजे खरंतर दोन जागा खराब. दोनच आहेत, पण दोनाचे दोनशे व्हायला वेळ लागत नाही.

बाबांचे एक ओळखीचे कॉम्प्युटरवाले येऊन गेले होते, ते म्हणाले होते चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारा म्हणजे दुरुस्त होईल. मी नको म्हटलं. मरायला लागलेल्या डिस्कवर अख्खी पृष्ठभाग तपासणी लावली तर होता नव्हता तो जीव पण जातो, आणि खराब सेक्टरमधलं जे कदाचित दहाव्या प्रयत्नाला वाचता आलं असतं ते पण कायमचं गेलं असं होऊ शकतं. आधी डेटा बाहेर, मग बाकी सगळं.

आज फक्त एवढंच केलं की डी ड्राईव्हमधला पेजमेकरच्या (पानं लावायचं सॉफ्टवेअर) फायलींचा फोल्डर, ३८ जीबी, माझ्या १ टीबीच्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला. एका फायलीवर येऊन अडकलं, बराच वेळ टिक टिक झालं आणि एरर आली. ती वगळून पुढे गेले. फायलीचं नाव लिहून ठेवलंय, २०१६ च्या दिवाळी अंकातली आहे.

रविवार, २९ जून

आज दिवसभर नुसता विचार आणि यादी. नवीन मशीन घेऊन त्यावर सगळं नव्याने टाकायचं, की आहे ती ऑपरेटिंग सिस्टीम जशीच्या तशी नवीन डिस्कवर न्यायची.

नव्याने टाकणं स्वच्छ असतं हे मला मान्य आहे आणि माझा स्वतःचा लॅपटॉप असता तर मी तेच केलं असतं. पण बाबांच्या मशीनमधे काय काय आहे ते बघा. पेजमेकर ७, जो २००१ चा आहे आणि त्यानंतर पेजमेकरची नवीन आवृत्ती आलीच नाही. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर, ज्याला यूएसबी डोंगल (पेन ड्राईव्हसारखी किल्ली, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) लागतं, आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचा आहे. ६४ बिट विंडोजमधे ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही म्हणजे नाहीच, त्यात काही जुगाड नाही. एका छोट्या टूलचा इन्स्टॉलर तर १६ बिटचा आहे, तो ६४ बिट विंडोजवर उघडत पण नाही. सीडी आहे पण तिच्यावर अशी चरे पडलीयेत की ड्राईव्हला ती दिसतच नाही, आणि ज्यांनी विकलं त्यांचं दुकान बंद होऊन सहा-सात वर्षं झाली. म्हणजे हे सॉफ्टवेअर आज जगात आमच्यापुरतं एकाच ठिकाणी चालू स्थितीत आहे, त्या टिक टिक करणाऱ्या डिस्कवर.

फॉन्ट जुने आहेत, युनिकोड (अक्षरं साठवायची आज सगळीकडे चालणारी पद्धत) नाहीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या फॉन्टमधे आत साठवलेली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त त्यांचा आकार देवनागरी काढलेला असतो. पेजमेकरमधे "शुभविवाह" दिसतं, तेच कॉपी करून नोटपॅडमधे टाकलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणजे तो फॉन्ट गेला की मजकूर असून नसल्यासारखा. बाबांचं २००३ पासूनचं काम यात आहे, पत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, शाळांची हस्तलिखितं, दिवाळी अंक, दोन गावांचे ग्रामदैवतावरचे छोटे ग्रंथ. लोक अजून येतात आणि म्हणतात, थोरल्याच्या लग्नात छापली होती तशीच पत्रिका धाकटीला पाहिजे.

विंडोज ११ चा प्रश्नच नाही, ते ३२ बिटमधे येतच नाही आणि हा प्रोसेसर पण त्यांच्या यादीत बसत नाही, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, हा चौथ्या पिढीचा आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपतोय. त्यावर मी आणि बाबांनी बसून ठरवलं की ऑक्टोबरनंतर या मशीनची नेटची वायर काढायची, मेल आणि व्हॉट्सअपवर येणारा मजकूर काउंटरवरच्या दुसऱ्या लॅपटॉपवर घ्यायचा.

तर ठरलं. सिस्टीम आहे तशी उचलून एसएसडीवर (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) न्यायची. आणि एका वेळी एकच बदल. हा नियम मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय, कारण डिस्क पण बदलली, बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) सेटिंग पण बदलली, पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) पण वाढवली आणि मग मशीन चालू झालं नाही, तर कशामुळे ते शोधत बसायला माझ्याकडे शनिवार-रविवारच आहेत.

शनिवार, ५ जुलै

सामान आलं. ४८० जीबीची अडीच इंची साटा (डिस्क बोर्डाला जोडायची पद्धत) एसएसडी, साडेतीन इंचाच्या खाचेत बसवायची पट्टी, एक साटा केबल, आणि ४ जीबीची डीडीआर३ ची एक स्टिक. ती स्टिक मी गडबडीत मागवली, नंतर लक्षात आलं की ३२ बिट विंडोज १० ला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही. आताच सिस्टीममधे "४.०० जीबी, वापरण्याजोगी ३.४१" असं दिसतं, उरलेली जागा हार्डवेअरच्या पत्त्यांत आणि आतल्या ग्राफिक्समधे जाते. त्यामुळे ती स्टिक काउंटरवरच्या दुसऱ्या जुन्या पीसीत टाकली, तो ६४ बिट आहे, त्याला फरक पडला. कुणी ३२ बिटचं मशीन सुधारत असेल तर आधी हे बघा, सगळा पैसा डिस्कवर घाला.

५०० ची डिस्क आणि ४८० ची एसएसडी, म्हणजे नवीन डिस्क जुनीपेक्षा लहान. जुनीवर ९७,६७,७३,१६८ सेक्टर, नवीनवर ९३,७७,०३,०८८. फरक साधारण १८.६ जीबीचा (विंडोज मोजतं त्या हिशोबाने, त्यात ५०० ची डिस्क ४६५ दिसते आणि ४८० ची ४४७). ५०० किंवा ५१२ ची घेतली असती तर ही भानगडच नव्हती, पण दुकानात हीच होती आणि पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायचं नव्हतं.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

आईने साबुदाण्याची खिचडी दिली आणि मी बसले डिस्क आखडायला.

डिस्कवरची मांडणी अशी आहे: सुरुवातीला १०० एमबीची सिस्टीम रिझर्व्हड, मग १०० जीबीची सी, मग विंडोज १० ने स्वतःसाठी काढलेली ४५० एमबीची रिकव्हरी, आणि शेवटी उरलेली सगळी डी. चार प्रायमरी पार्टिशन, एमबीआर पद्धतीत (डिस्कच्या भागांची यादी ठेवायची जुनी पद्धत) याच्यापेक्षा जास्त बसत पण नाहीत. डी शेवटी आहे हे आमचं नशीब, कारण डी फक्त शेपटाकडून कापायची, तिची सुरुवात जिथे आहे तिथेच राहते. हे का महत्त्वाचं ते वीस जुलैच्या नोंदीत कळेल.

डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन श्रिंक केलं तर म्हणतंय फक्त ९ जीबी कमी करता येतील. डीवर दीडशे जीबी मोकळे आहेत, तरी नऊच. कारण मधे न हलवता येणाऱ्या फायली बसलेल्या असतात. शोधलं तर कुणीतरी पूर्वी पेजफाईल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाईल) डीवर टाकून ठेवली होती आणि सिस्टीम रिस्टोअर पण डीसाठी चालू होतं. दोन्ही बंद केलं, रिस्टार्ट केलं, मग १०० च्या वर आकडा आला. २५,६०० एमबी कापले. त्याच्यानंतर फास्ट स्टार्टअप पण बंद केलं, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि मग लिनक्सच्या (विंडोजऐवजी पेन ड्राईव्हवरून चालवता येणारी सिस्टीम) पेन ड्राईव्हवरून त्या पार्टिशनला हात लावणं धोक्याचं. हायबरनेट काढल्याने सीवर पण थोडी जागा झाली.

आखडताना डिस्कने दोनदा टिक केलं. बाबा मागे उभे होते. काही बोलले नाहीत, नुसते उभे.

शनिवार, १२ जुलै

आज खरी कॉपी.

क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब कॉपी करणारं सॉफ्टवेअर) वापरायचा विचार होता, तैवानच्या लोकांचं आहे, फुकट आहे आणि मी ऑफिसमधे बऱ्याचदा वापरलंय. पण ते निरोगी डिस्कसाठी चांगलं. खराब सेक्टर असले की डीडीरेस्क्यू. त्याची पद्धत मला फार आवडते, तो आधी जे सहज वाचता येतंय ते सगळं भराभर उचलतो, अडचणीची जागा आली की तिथे वेळ न घालवता उडी मारून पुढे जातो, आणि सगळं चांगलं हाती आल्यावर मग परत येऊन त्या खराब जागांच्या कडा कुरतडत जातो. पाणी वाढायला लागलं की माणूस आधी माणसं आणि जनावरं काढतो, मग कपाटं, तसं. आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा बाबांनी हाच सीपीयू छातीशी धरून वरच्या मजल्यावर नेला होता, प्रिंटर आणि कागद खाली राहिले.

दोन्ही डिस्क मशीनच्या आतच साटा केबलने जोडल्या. यूएसबीच्या डब्यातून केलं असतं तर यूएसबी २ वर सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, चार तास गेले असते. लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरून मशीन चालू केलं, आणि दुसरा एक पेन ड्राईव्ह लावला फक्त मॅप फाईलसाठी. ही मॅप फाईल म्हणजे कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलं याची वही. लाईव्ह लिनक्समधे ती तशीच ठेवली तर रॅममधे राहते आणि मशीन बंद झालं की गेली.

आणि नेमकं तेच झालं. साडेबाराला सुरू केलं, सेकंदाला ११० एमबीच्या आसपास चाललं होतं, ६१ टक्क्याला लाईट गेली. बाहेर पाऊस धो धो. यूपीएस होता पण त्याची बॅटरी केव्हाच संपलेली, तो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड म्हणून टेबलाखाली पडून होता. पाऊण तासाने लाईट आली, मी परत चालू केलं आणि कमांड टाकायच्या आधी सवयीने डिस्कची यादी बघितली. आधी जुनी डिस्क एसडीए होती आणि नवीन एसडीबी. आता उलट झालेलं. मी वरचीच कमांड परत चालवली असती तर एसएसडीचा अजून न भरलेला भाग जुन्या डिस्कवर उतरला असता आणि बावीस वर्षांच्या कामातलं जे उचलायचं राहिलं होतं ते त्याच्याखाली गाडलं गेलं असतं. हात थंड पडले माझे, पाच मिनिटं खुर्चीवरून उठून बाहेर जाऊन उभी राहिले. लिनक्समधे ही नावं दर वेळी तीच राहतील याची काही खात्री नसते, म्हणून दर वेळी, अगदी दर वेळी, मॉडेल आणि सिरियल नंबर बघून मगच एंटर मारा. आता मी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर कागदावर लिहून तोच कागद मॉनिटरला लावलाय.

मॅप फाईल पेन ड्राईव्हवर होती, त्यामुळे जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू झालं. दुपारी चारला पहिली फेरी झाली. दोन जागा अडल्या होत्या. तीन रिट्राय दिले होते, त्यात एक जागा दुसऱ्या प्रयत्नाला वाचली गेली. उरली ती एकच, ४०९६ बाइट. जवळजवळ साडेचारशे जीबीमधले चार केबी.

संध्याकाळी जाऊन यूपीएसची नवीन बॅटरी आणली, १२ व्होल्ट ७ एएच. हे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं.

रविवार, १३ जुलै

त्या चार केबीत काय होतं ते शोधलं. मॅप फाईलमधे खराब जागेचा पत्ता डिस्कच्या सुरुवातीपासून दिलेला असतो, त्यातून डी पार्टिशनची सुरुवात वजा करायची, ५१२ ने भागायचं, आणि एनटीएफएसक्लस्टर नावाचं टूल सांगतं की त्या सेक्टरवर कुठली फाईल आहे. तीच निघाली. २०१६ चा दिवाळी अंक, पान ८१ ते ९६.

बाबांना विचारलं, याची दुसरी प्रत कुठे आहे का. बाबा काही न बोलता माळ्यावर चढले आणि बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आले. दर दिवाळीला अंक छापायला गेला की ते एक सीडी करून ठेवतात, वर स्केच पेनने साल लिहितात. मला हे माहीतच नव्हतं. २०१६ ची सीडी पहिल्या फटक्यात वाचली गेली, फाईल मिळाली, पेजमेकरमधे उघडली, सोळाच्या सोळा पानं आहेत. एसएसडीवर तिच्या जागी टाकली. मग डब्यातल्या बाकीच्या सगळ्या सीड्या पण माझ्या डिस्कवर उतरवून घेतल्या, त्यातली २००७ ची वाचली नाही.

पण त्याच्या आधी पहिलं बूट. जुनी डिस्क पूर्ण काढली, पॉवर आणि डेटा दोन्ही केबल. हे विसरायचं नाही, कारण एमबीआरच्या पहिल्या सेक्टरमधे डिस्कची एक सही असते आणि कॉपीमधे ती पण जशीच्या तशी आलेली असते. एका सहीच्या दोन डिस्क एकदम दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाईन करतं, आणि तिला ऑनलाईन करायला गेलं की सही बदलून टाकतं, मग त्या डिस्कवरून बूट होत नाही. एसएसडी एकटी लावली, बटण दाबलं. विंडोजचा लोगो आला, आणि मी घड्याळ लावलेलं होतं, ३८ सेकंदात डेस्कटॉप. आधी चार मिनिटं वीस सेकंद लागत होते.

ॲक्टिव्हेशन गेलं नाही, विंडोज १० चं लायसन मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्कशी नाही. डोंगल ओळखलं. ताईंना फोन करून बोलावून घेतलं, कारण फॉन्ट बरोबर आहे का हे माझ्यापेक्षा त्यांना कळतं. त्यांनी बसून आधी "कऱ्हाड" टाईप केलं, मग "ज्ञानेश्वर", मग "श्रीकृपेकरून आमचे येथे". ऱ्ह नीट आला, ज्ञ नीट आला, टाईपरायटरचा कीबोर्ड जसा होता तसाच. त्या म्हणाल्या, "माझं बोट अडलं नाही, म्हणजे सगळं आहे."

शनिवार, १९ जुलै

आठवडाभर मशीन वापरलं गेलं, काही तक्रार नाही. आज दुसरा बदल.

वेग मोजला तर वाचायचा २६८ एमबी येत होता, एसएसडीला ५०० च्या वर यायला पाहिजे. क्रिस्टलडिस्कइन्फोमधे साटा/३०० दिसत होतं, पुढे ६००. एच८१ च्या चिपसेटवर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात, माझ्याकडून केबल ३ वाल्यात लागली होती. बदलली, ५३० आले. रोजच्या कामात हा फरक ताईंना जाणवणार नाही, पण चुकीच्या ठिकाणी लागलीय हे माहीत असून ठेवायचं नव्हतं.

मग बायोस. २०१४ ला ज्यांनी जोडलं त्यांनी साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) जुना आयडीई ठेवला होता. नवीन एएचसीआय पाहिजे, त्यात डिस्कला एकदम अनेक मागण्या देता येतात, एसएसडीचा खरा फायदा तिथेच आहे. पण नुसतं बायोसमधे बदललं तर विंडोज निळ्या पडद्यावर "इनॅक्सेसिबल बूट डिव्हाईस" म्हणून अडतं, कारण सुरुवातीला लागणारा ड्रायव्हर लोड करायचा हे त्याला सांगितलेलं नसतं. यावर सोपा मार्ग असा: आधी एमएसकॉन्फिगमधे जाऊन सेफ बूट टिक करायचं, रिस्टार्ट करताना बायोसमधे जाऊन एएचसीआय करायचं, विंडोज सेफ मोडमधे चालू होतं आणि स्वतःच ड्रायव्हर बसवतं, मग टिक काढून परत रिस्टार्ट. सेफ मोडमधे जायच्या आधी पासवर्ड नक्की माहीत करून घ्या, आमच्याकडे पिनने उघडतात आणि पासवर्ड कुणालाच आठवत नव्हता, तो आधी बदलून घेतला.

झालं. ट्रिम (कुठली जागा पुसली ते विंडोजने एसएसडीला कळवणं) चालू आहे ते पण तपासलं, डिसेबल डिलीट नोटिफाय शून्य आलं म्हणजे चालू. ऑप्टिमाईझ ड्राईव्हजमधे सॉलिड स्टेट असं ओळखलंय, म्हणजे विंडोज आता उगाच डीफ्रॅग करणार नाही.

रविवार, २० जुलै

तिसरा बदल, सी मोठी करणे. १०० मधले ९० जीबी भरलेले आहेत. डी मधे भरपूर जागा. जीपार्टेडने (पार्टिशन सरकवायचं लिनक्सचं टूल) डी उजवीकडे सरकवायची, रिकव्हरी सरकवायची, मग सी वाढवायची. आधी अख्ख्या एसएसडीची इमेज (जशीच्या तशी पूर्ण प्रत) माझ्या डिस्कवर घेतली. इमेज न घेता पार्टिशन सरकवणं मी कधीच करणार नाही, मधे लाईट गेली तर अर्ध्या सरकलेल्या पार्टिशनला कुणीच वाचवू शकत नाही, नवीन बॅटरीचा यूपीएस असला तरी.

सव्वा तास लागला. विंडोज नीट चालू झालं, सी १४० जीबी. ताई नव्हत्या, बाबांनीच एका अहवालाची फाईल उघडली आणि म्हणाले, "फोटो कुठं गेले?" सगळ्या फोटोंच्या लिंक तुटलेल्या. डी ड्राईव्ह एफ झालेला.

हे कशामुळे झालं ते मला माहीत होतं आणि तरीही डोळ्यासमोर बघताना पोटात गोळा आला. एमबीआर डिस्कवर विंडोज ड्राईव्हचं अक्षर लक्षात ठेवतं ते डिस्कची सही आणि पार्टिशनची सुरुवात कुठून होते त्या जागेवरून. सुरुवात सरकली, म्हणजे विंडोजच्या दृष्टीने ही कुठलीतरी वेगळीच पार्टिशन, तिला पुढचं मोकळं अक्षर मिळालं (ई वर डीव्हीडी आहे). आणि पेजमेकर फोटो कुठे आहे ते पूर्ण पत्त्याने लक्षात ठेवतो, डी पासून. म्हणूनच सहा जुलैला डी फक्त शेवटाकडून कापली होती. त्या दिवशीच सुरुवात हलवली असती तर पहिल्याच बूटला हे दिसलं असतं आणि मला वाटलं असतं कॉपीच फसली.

डिस्क मॅनेजमेंटमधे जाऊन एफ चं डी केलं, रिस्टार्ट, अहवाल उघडला, सगळे फोटो जागेवर. एका मिनिटाचं काम. बाबांनी मग एक-एक करून कितीतरी फायली उघडून बघितल्या, काही कारण नव्हतं, २००४ ची एक पत्रिका उघडली आणि म्हणाले या मुलीची मुलगी आता दहावीला असेल.

पेजफाईल आता सीवर विंडोजच्या मर्जीवर सोडलीय. डीसाठी सिस्टीम रिस्टोअर बंदच ठेवलंय.

शनिवार, २ ऑगस्ट

२७ तारखेला गणपती, त्यामुळे मंडळांच्या वर्गणीच्या पावती पुस्तकांची गर्दी सुरू झालीय. काल एका दिवसात ताईंनी सात मंडळांची पुस्तकं लावली. मागच्या वर्षीचीच फाईल, साल आणि पदाधिकारी बदलायचे, पण त्यासाठी ती फाईल उघडावी लागते आणि फॉन्ट दिसावा लागतो.

डोंगलला रोज काढघाल नको म्हणून मागच्या बाजूच्या पोर्टमधे लावून टाकलंय. आता उरलेली काळजी त्याचीच आहे, डिस्कची प्रत झाली पण डोंगलची होत नाही. म्हणून पुढचं काम ठरवलंय ते असं की जुना मजकूर युनिकोडमधे आणायचा, फाईलमागून फाईल, आधी दोन्ही ग्रामदैवतांचे ग्रंथ, मग दिवाळी अंक. पत्रिका शेवटी. ताई म्हणाल्या रोज दुपारी जेवणानंतर एक तास त्या देतील. जोडाक्षरं बदलताना काही ठिकाणी रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, ते डोळ्यांनीच तपासावं लागेल. सोबत प्रत्येक फाईलची पीडीएफ पण काढून ठेवायची, कारण पीडीएफमधे फॉन्ट आतच बांधला जातो आणि निदान पान जसं होतं तसं दिसत राहतं.

एसएसडीची इमेज आता दोन ठिकाणी आहे, एक पुण्याला माझ्याकडे, एक इथे वरच्या मजल्यावर. जुनी डिस्क पुसलेली नाही. फोममधे गुंडाळून बाबांच्या त्या बिस्किटाच्या डब्यात ठेवली, सीड्यांच्या शेजारी, वर कागद चिकटवला: "२०१४ ते २०२५. चालू स्थितीत काढली. जोडायची झाल्यास एकटीच जोडणे, नवीन डिस्कबरोबर नाही." अक्षर बाबांचं आहे. डबा माळ्यावर गेला.